मिलिंदच्या लेखाखाली मिलिंदचं नाव

शनिवारी तलावपाळीच्या कट्ट्यावर झालेला वाद मिलिंदला विचारून लिहून काढतोय. इथली सगळी नावं बदललेली आहेत. त्याचं खरं नाव आधी त्याच्या स्वतःच्या लेखाखाली यावं, असं मला वाटतं.

मिलिंदला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अति चढतं आणि कधी खोल खचतं असा मानसिक आजार, बऱ्याच वर्षांपासून. कट्ट्याला ते माहीत आहे, ऑफिसात दोघातिघांना माहीत आहे, सोसायटीत कुणालाच नाही. एका दिवाळी अंकासाठी त्याने त्यावर लेख लिहिलाय आणि खाली आपलं पूर्ण नाव घातलंय. प्रिंटआउट काढून त्याने आमच्या हातात दिले आणि म्हणाला, "वाचा. मग काय ते बोला."

पक्याने वाचून झाल्यावर कागद नीट घडी करून परत दिला. "लेख एक नंबर. नाव काढ."

"का?"

"का काय? मुलगी अकरावीला आहे तुझी. पाच-सात वर्षांनी स्थळं बघशील. समोरचे लोक नाव टाकून शोधतात आता. पहिलाच हा लेख वर येईल."

पक्या हे हवेत बोलत नव्हता. त्याच्या थोरल्या बहिणीला लग्नानंतर आजार झाला, सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं, आणि वडिलांनी जन्मभर नातेवाइकांना "तिची तब्येत नाजूक असते" एवढंच सांगितलं. म्हणून कट्ट्यावर या विषयात पक्याला कुणी उडवून लावत नाही.

निनाद आमच्यात सगळ्यात लहान. त्याला हे पटेना. "अरे दादा, आता सगळे बोलतात. दीपिका पदुकोण २०१५ मध्ये बोलली. माझ्या ऑफिसात लोक अँझायटी आहे म्हणून सरळ सुट्टी मागतात. शेवटी शुगरसारखाच आजार आहे ना हा?"

इथे मिलिंद पहिल्यांदा जोरात बोलला. "नाही, शुगरसारखा नाही. डॉक्टर तसं सांगतात ते गोळ्या सुरू करायला बरं पडतं म्हणून, आणि तेवढ्यापुरतं ते ठीकच आहे. पण शुगर वाढली म्हणून कुणी साहेबाला चारचौघांत शिव्या देत नाही. पतपेढीतून कर्ज काढून घोडबंदरला गाळ्याचं टोकन भरून येत नाही. डिप्रेशनबद्दल लोक आता ऐकून घेतात, कारण त्यात माणूस एका जागी बसून असतो, त्याची दया येते. मॅनियात, म्हणजे मन चढलेलं असताना, मी काय केलं ते सांगितलं की दया येत नाही, राग येतो. माझा लेख त्याच्याबद्दल आहे."

खरंच आहे. लेखात ते सगळं आहे. पहाटे तीनला शाळेतल्या मित्रांना लावलेले फोन, झोप नसताना आलेली ती तरतरी, बोलून बोलून बसलेला घसा. एक वाक्य तर आम्हा सगळ्यांना उद्देशून आहे: त्या चढत्या दिवसांत मी सगळ्यांना फार आवडत होतो. ते वाचून कट्ट्यावर कुणी काही बोललं नाही. आजाराची सुरुवात आसपासच्यांना किती लोभस वाटू शकते, हे मराठीत इतकं सरळ लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही.

वैशाली ठाणे कोर्टात वकिली करते. तिने दोघांनाही थांबवलं. "कायद्याने कुठे उभा आहेस ते आधी बघ, मग नावाचं ठरव." आणि मग तिने जे सांगितलं ते बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून इथे देतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने डॉक्टर आणि हॉस्पिटलवर गोपनीयतेचं बंधन आहे. उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. त्याच कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच पंगतीला बसवायचं आहे. "पण हे सगळं दुसऱ्याने तुझी माहिती फोडू नये म्हणून. तू स्वतः छापलंस की ते परत घेता येत नाही. आणि खासगी कंपनीत प्रमोशन का दिलं नाही याचं खरं कारण कुणी कागदावर लिहून देत नाही."

"आणि लग्नाचं?" पक्याने पुन्हा तेच धरलं.

"मुलीच्या बाबतीत कायदा काही म्हणतच नाही, आजारी ती नाहीये. याच्या स्वतःच्या बाबतीत म्हणशील तर हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण आहे. पण नुसतं निदान पुरत नाही. विकार एवढा असावा लागतो की सोबत राहण्याची अपेक्षाच वाजवी ठरू नये. सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या एका खटल्यात तेच सांगितलं. याच कायद्यात फिट येणाऱ्या माणसाच्या लग्नाला अडसर होता, तो १९९९ मध्ये निघाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, ते २०१९ मध्ये गेलं. कायदे बदलतात, पक्या. लोक बदलायला जास्त वेळ लागतो, तेवढं तुझं बरोबर."

मला स्वतःला नावापेक्षा दुसरीच गोष्ट खुपत होती. संपादकांनी मिलिंदला निरोप पाठवलाय की शेवट जरा आशादायी करा, आणि मधला गोळ्यांचा भाग टेक्निकल होतोय, तो कमी करा. माझ्या मते लेखातला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे. मिलिंद लिथियम घेतो. मॅनियावर ते चालतं हे ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये दाखवलं, आणि ते आजही वापरात आहे. पण औषधाचा उपयोग आणि अपाय यांत अंतर कमी, म्हणून रक्तातली लेव्हल तपासत राहावी लागते, शेवटच्या डोसनंतर साधारण बारा तासांनी. थायरॉइड आणि किडनीच्या तपासण्याही ठरावीक काळाने करायच्या. उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं तर लेव्हल वर जाते. अंगदुखीवर मेडिकलमधून सहज आणलेल्या ब्रुफेनसारख्या गोळीनेही जाते. मिलिंदने हे सगळं सोप्या मराठीत लिहिलंय. पाण्याची बाटली कायम सोबत का असते ते लिहिलंय, हात बारीक थरथरतो म्हणून कटिंग दोन्ही हातांनी का धरतो तेही लिहिलंय. लातूरला किंवा जळगावला कुणाच्या हातात नुसती गोळ्यांची पट्टी पडली असेल आणि रक्त तपासायचं असतं हे कुणी समजावलंच नसेल, तर त्याला हा परिच्छेद थेट उपयोगाचा आहे. तो कापायचा आणि त्या जागी "अखेर मी आजारावर मात केली" घालायचं, हे मला मान्य नाही.

कारण मात झालेली नाही. मागच्या पावसाळ्यातच त्याच्या गोळ्या बदलाव्या लागल्या. आपल्याकडे या विषयावर डॉक्टरांनी चांगलं लिहिलंय. घरच्यांनीही मोठं काम उभं केलंय: पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन डॉ. जगन्नाथ वाणींनी उभी केली, घरातल्या आजाराच्या अनुभवातून. पण ज्याला आजार आहे त्याने, तो चालू असताना, स्वतःच्या नावाने लिहिलेलं फार थोडं आहे. अमेरिकेत के रेडफिल्ड जेमिसन या मानसोपचारशास्त्राच्या प्राध्यापक. बायपोलरवर संशोधन करायच्या आणि स्वतः लिथियम घ्यायच्या. त्यांनी ते १९९५ मध्ये पुस्तक लिहून जाहीर केलं. नोकरी आणि नाव दोन्ही पणाला लावून केलेलं काम होतं ते. बरं झाल्यावर लिहिणाऱ्याला टाळ्या मिळतात. आजारासकट जगणाऱ्याचं लिहिणं मात्र, ज्यांचा आजार कधीच पुरता जाणार नाही अशा हजारो घरांच्या कामाचं असतं. ती घरं "मात केली"ची गोष्ट वाचतात आणि आपल्याच माणसात काहीतरी कमी आहे असं समजून बसतात.

एवढ्यात वैशालीने विचारलं, "स्मिताने वाचलंय का?"

मिलिंदने मागचं पान उलटून दाखवलं. स्मिताने, म्हणजे त्याच्या बायकोने, वाचलं होतं आणि दोन परिच्छेद पेनने आडवे मारले होते. एक तिच्या आईबद्दल होता, तो गेलाच पाहिजे म्हणाली. दुसरा ज्या रात्री तिने एटीएम कार्ड आणि गाडीची किल्ली लपवली त्या रात्रीचा. तो तिने काढून टाकला आणि त्या जागी स्वतःच्या अक्षरात दहाएक ओळी लिहिल्या. "ही रात्र माझी आहे, ती मी सांगणार." त्या ओळींत मिलिंदबद्दल एकही मऊ शब्द नाही. ती किती घाबरली होती, आणि सकाळी डब्याची भाजी चिरताना तिला त्याचा किती संताप आला होता, एवढंच आहे. पक्याने त्या ओळी दोनदा वाचल्या.

"हे माझ्या आईला कुणी लिहू दिलं असतं तर," एवढंच तो म्हणाला, आणि चहावाल्याला हाक मारायला उठला.

आल्यावर मात्र त्याने आपला मुद्दा सोडला नाही. मुलीचं लग्न होईपर्यंत टोपणनाव ठेव, नंतर खुशाल खरं नाव लाव. मिलिंद म्हणाला, "स्थळाला मी तसंही पहिल्या भेटीत सांगणार आहे. लपवालपवी तुझ्या घरात काय करून गेली ते तूच बघितलंस. आणि मुलीला विचारलंय मी. ती म्हणाली, बाबा, माझ्या शाळेचं नाव तेवढं काढा." ते त्याने काढलंय.

वैशालीने अजून एक सुचवलं. लेखाच्या शेवटी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर छापायला सांग, सरकारी आहे, फोन फुकट लागतो, मराठीतही बोलता येतं. ते सगळ्यांना पटलं. फोटो द्यायचा की नाही यावर एकमत झालं नाही. निनाद हो म्हणतो, वैशाली नको म्हणते.

नावाबद्दल पक्या अजूनही विरोधात आहे आणि त्याने तसं राहावं, त्याची भीती खोटी नाही. पण ठरवायचं मिलिंदने, आणि त्याने ठरवलंय. सोमवारी तो लेख पाठवतोय: स्मिताच्या ओळींसकट, शेवट आहे तसाच ठेवून. रक्ततपासणीचा परिच्छेद कापला तर लेख परत द्या, असं त्याने सोबतच्या पत्रात लिहिलंय. दुसरा कोणता अंक घेईल याची यादी वैशाली करतेय.