सव्वासहा लाखांतले आमचे किती, आणि आमची चूक कुठे झाली

नमस्कार साहेब,

"18 हजार सांगितले आणि सव्वासहा लाख गेले, चार कागद टाइप करायला एवढे पैसे?" असं तुमच्या घरखरेदीच्या दस्ताच्या कामाबद्दल रिव्ह्यूत लिहून तुम्ही आम्हाला एक स्टार दिलात. मनाला लागलं. तुमची फाइल पुन्हा काढून बसले आणि मगच हे लिहितेय.

आमच्याकडे 18 हजारच आले. बाकी रक्कम तुमच्या खात्यातून थेट शासनाच्या चलनांत गेली. करारातली किंमत 72 लाख, रेडी रेकनरची (शासनाने ठरवलेली) त्याहून कमी, म्हणून 72 लाखांवर पुणे महापालिका हद्दीतलं 7 टक्के मुद्रांक शुल्क: 5 लाख 4 हजार. नोंदणी फी 30 हजार. उरलेले 72 हजार म्हणजे टीडीएस, विक्रेत्याचा आधीच कापून भरायचा आयकर. तो विक्रेत्याच्या पैशातून कापून त्याच्या पॅनवर भरलाय, त्याला तुम्ही तेवढे कमीच दिलेत. तो तुमचा खर्च नाहीच.

आणि कागद चारच नव्हते हो. तीस वर्षांचा सर्च घेताना, म्हणजे घराच्या जुन्या नोंदी तपासताना, विक्रेत्याने घर तारण ठेवून घेतलेल्या 2016 च्या कर्जाची नोटीस सापडली. कर्ज फिटलं होतं, पण मूळ करारनामा बँकेतच पडून होता. तो आणि कर्जाची बाकी नसल्याचं बँकेचं नो ड्यूज पत्र हातात येईपर्यंत अकरा दिवस मी तुम्हाला इसाराच्या पुढे एक रुपया देऊ दिला नाही. तेव्हा तुम्ही वैतागला होतात. आजही मी तसंच करेन.

पण एक चूक आमची आहे, आणि ती तुम्ही रिव्ह्यूत लिहिलीही नाहीत. निबंधक कार्यालयात अंगठ्याचा ठसा देताना वहिनींनी विचारलं, "माझ्या एकटीच्या नावावर घेतलं असतं तर काही कमी झालं असतं का?" झालं असतं. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, दोघांच्या नावावर असेल तर नाही. म्हणजे 72 हजार वाचले असते. नाव कुणाचं लावायचं हा तुमच्या घरातला निर्णय, पण चलन भरण्याआधी हे सांगणं माझं काम होतं. मी दोघांची आधार कार्डं घेतली आणि दस्त तयार केला. विचारलंच नाही. वहिनी नुसत्या "असू दे" म्हणाल्या, ते अजून कानात आहे. दोघांचीही माफी मागते.

दस्त नोंदवण्याचे आमचे 6 हजार आज तुमच्या खात्यात परत पाठवलेत. 72 हजारांपुढे ते काहीच नाहीत, हे कळतं मला. आणि फी तोंडी सांगून सोडण्याचं आता बंद केलंय. शासनाचं किती, आमचं किती आणि नाव कुणाचं लावल्यावर काय फरक पडतो, हे इसाराच्या आधीच कागदावर लिहून देते.

सोसायटीत घर तुमच्या नावावर ट्रान्स्फर होणं अजून बाकी आहे. सोसायटीला त्यासाठी हस्तांतरण प्रीमियम 25 हजारांच्या वर घेता येत नाही. डोनेशन, विकासनिधी अशा नावाखाली जास्त मागितलं तर चेक फाडण्याआधी मला फोन करा. त्याचे पैसे नाहीत.