पप्पा, जरा चालून दाखवा

रविवारी संध्याकाळी मटण अंगावर आलेलं असताना माणसाला इंग्रजी विचारू नये. पण लेक नववीत आहे आणि तिला सोमवारी वही दाखवायची असते.

"पप्पा, सहा शब्द दिलेत. स्ट्रट, स्वॅगर, मिन्स, सॅशे, प्रान्स, फ्लाउन्स. सगळ्यांचा अर्थ चालणे."

"मग झालं की. सहाही ठिकाणी चालणे लिही."

डिक्शनरीवाल्यानंही जवळपास तेच केलं होतं. कुठं ऐटीत चालणे, कुठं नखऱ्यात चालणे, कुठं दोन्ही. त्याचा तरी काय दोष? आपल्याकडं चालणे एकच, बैलाला झूल घालावी तसं त्याला पुढून काहीतरी जोडायचं: रुबाबात, ठुमकत, मुरडत, तोऱ्यात. इंग्रजाला तेवढाही धीर नाही. ऐट क्रियापदाच्या पोटातच भरून ठेवलेली.

"पप्पा, तुम्ही गच्चीवर चालून दाखवा. मी बघून वाक्य लिहितो."

(कोल्हापुरात मुली 'लिहितो'च म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांनी दचकू नये.)

स्वॅगरनं सुरुवात केली, कारण तो आपल्या मातीतला. शब्द शेक्सपिअरच्या काळातला असला, तरी त्याला जे म्हणायचं होतं ते बघायला खासबागेत यावं. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून घेतलेल्या त्या मैदानात पैलवान नुसता हौद्याकडं निघाला तरी मागं दहा पोरं तसंच चालायला लागतात. छाती पुढं, हात अंगापासून वीतभर लांब. पैलवानाचे हात दंड-बैठकांनी लांब राहतात. आमचे, पंधरा दिवस तालमीत जाऊन सोळाव्या दिवशी ताप आलेल्यांचे, काखमांजरी झाल्यागत दिसतात. मी गच्चीच्या या टोकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो. लेक म्हणाली, "पप्पा, मान दुखतीय का?"

स्ट्रटसाठी मी खाली जाऊन नवी कापशी चप्पल घालून आलो. हा कोंबड्याचा प्रकार, मान ताठ आणि पाऊल असं की जमिनीनं उपकार मानावेत. २०२५ च्या जूनमध्ये इटलीत मिलानला प्राडा कंपनीच्या फॅशन शोत आपल्या कोल्हापुरीसारख्याच चपला घालून मॉडेल असेच चालले होते. चेहरा सातबाऱ्यावरनं नाव उडाल्यागत. चप्पल कुठली हे त्या कंपनीनं आधी सांगितलं नाही, मग बोंब झाली. पण मला खटकलं ते वेगळंच. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये करकर नाही! करकर न वाजवता कोल्हापुरीत स्ट्रट करणं म्हणजे शिट्टी न मारता कुकर लावणं. माझी मात्र अशी वाजली, की शेजारचे अण्णा त्यांच्या गच्चीवर आले. बराच वेळ बघून म्हणाले, "चप्पल चावतीय व्हय? तेल सोड जरा."

मिन्सला डिक्शनरीत पहिला अर्थ खिमा. मी खूश झालो. पण चालण्यातही तेच आहे म्हणे: बारीक बारीक तुकडे करायचे, इथं पावलांचे. लेकीनं मोबाईलवर शोधलं, तर १६११ च्या इंग्रजी बायबलात बायका अशाच मिन्सत, पायांतलं वाजवत चालल्यात आणि देव त्यांच्यावर चिडलाय. मला सोंग करायची गरजच पडली नाही. लुंगीत माणूस दुसरं काही करूच शकत नाही.

सॅशे म्हणजे मला एक रुपयाची शाम्पूची पुडी वाटली होती. उच्चार तोच, स्पेलिंग वेगळं. नाचातल्या एका फ्रेंच पावलाचं नाव अमेरिकेत गेलं, तिथं लोकांची जीभ वळेना, म्हणून त्याचं हे झालं. यात कंबर हलवायची असते. माझी एकदा डावीकडं गेली ती परत यायला तयार होईना. प्रान्स हा घोड्याचा, वरातीतल्या नाचऱ्या घोड्यासारखा. तो मी तोंडी समजावला.

एवढ्यात बायको वाळलेले कपडे काढायला वर आली. कठड्याला टेकून उभी राहिली.

"बरं झालं," ती म्हणाली. "बघायच्या कार्यक्रमात तुमच्या आईंनी मला चालून दाखवायला लावलंवतं. दारापासनं कपाटापर्यंत. दोनदा. आता चाला तुम्ही."

वीस वर्षं जपून ठेवलेलं होतं हे. मी सारवासारव करायला गेलो, "पण काय झोकात चाललीवतीस तू तेव्हा!"

"तेव्हा?"

इथं लगेच काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी कंबर धरून विचार करत राहिलो.

हातातला टॉवेल बादलीत आपटला गेला, पदर खोचला गेला, मान एक झटका देऊन वळली आणि बायको तरातरा जिना उतरून गेली. तिच्या पावलांनी गच्चीवरचे पापड हलले.

"फ्लाउन्स!" लेक टाळी वाजवून ओरडली. "पप्पा, हेच! फणकाऱ्यानं निघून जाणे! आई, परत एकदा वर ये ना!"

रात्री वही बघितली. सहावं वाक्य सुरेख अक्षरात होतं: 'माय मदर फ्लाउन्स्ड डाउन द स्टेअर्स.' दुसरं होतं, 'माय फादर ट्राइड टू स्वॅगर.'

मी म्हटलं, "ते 'ट्राइड टू' काढ की."

"मॅडमनी सांगितलंय, बघितलं तेवढंच लिहायचं," ती म्हणाली आणि दप्तर भरायला लागली.