‘कव्वाम’चा अर्थ आणि परंपरेचा मान: एका आक्षेपाला उत्तर

तुमचा आक्षेप असा, की अमीना वदूद, अस्मा बर्लास यांच्यासारख्या कुरआनच्या मुस्लिम स्त्री-अभ्यासक पाश्चात्त्य स्त्रीवाद कुरआनवर लादतात, हदीसचीही (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींची) चिकित्सा करून बेअदबी करतात; ‘पुरुष स्त्रियांवर कव्वाम (सांभाळणारे, किंवा अनेकांच्या मते अधिकार असलेले) आहेत’ (कुरआन, अध्याय ४, आयत म्हणजे वचन ३४) एवढं स्पष्ट असताना नवा अर्थ कशाला?

आयत अर्ध्यावर तोडू नका. पुढे लगेच दोन कारणं येतात आणि दोन्ही ‘बिमा’ने (‘बि’ आणि ‘मा’ मिळून ‘या कारणाने की’) सुरू होतात: अल्लाहने काहींना काहींपेक्षा अधिक दिलं म्हणून, आणि ‘बिमा अन्फकू’, म्हणजे ते आपल्या मालातून खर्च करतात म्हणून. वदूद यांनी १९९२च्या पुस्तकात याच ‘बि’वर बोट ठेवलं. कव्वाम असणं या अटींना बांधलेलं आहे, पुरुष म्हणून जन्मतःच मिळालेलं नाही. हे पाश्चात्त्य वाटतं? तेराव्या शतकातले मालिकी पंथाचे मुफस्सिर (कुरआनचे भाष्यकार) कुर्तुबी याच आयतीखाली नोंदवतात, की नवऱ्याला बायकोचा खर्च पेलत नसेल तर तो तिचा कव्वाम राहत नाही आणि तिला निकाह रद्द करून घेता येतो. मालिक आणि शाफई या कायदेपंथांच्या संस्थापक इमामांचं मत हेच. तशाच आणखी एका पंथाचे इमाम अबू हनीफा यांना ते मान्य नव्हतं. जुन्या इमामांमध्येच मतभेद होता, मग ‘एवढं स्पष्ट’ कुठून आलं?

हदीस तपासणं म्हणजे बेअदबी, हेही पटत नाही. कुत्रा, गाढव आणि स्त्री समोरून गेली तर नमाज तुटते, असं सांगितलं गेलं तेव्हा पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा संतापल्या: तुम्ही आम्हाला कुत्र्या-गाढवांच्या रांगेत बसवलंत! पैगंबर नमाज पढत असताना मी त्यांच्या आणि किब्ल्याच्या (नमाजाच्या दिशेच्या) मधे पलंगावर पडलेली असे, हा त्यांचा पुरावा. बुखारी आणि मुस्लिम, हदीसच्या या दोन्ही संग्रहांत हे आहे. आयेशांनी इतर सहाबांच्या (पैगंबरांच्या सोबत्यांच्या) कथनांत केलेल्या अशा दुरुस्त्यांचा स्वतंत्र ग्रंथच चौदाव्या शतकात झरकशी या विद्वानांनी रचला.

एका मुद्द्यावर मात्र तुमचं बरोबर आहे: काही नवे अर्थ खरंच ओढूनताणून लावलेले असतात. त्याच आयतीतल्या ‘वद्रिबूहुन्ना’चा (शब्दशः ‘आणि त्यांना मारा’) ‘त्यांच्यापासून दूर व्हा’ हा कुरआनच्या अनुवादक लाले बख्तियार यांचा २००७चा अनुवाद मला टिकणारा वाटत नाही. ‘दरब’ या त्यातल्या मूळ क्रियापदाचा तसा अर्थ घ्यायला सोबत ‘अन’ हे अव्यय लागतं. इथे क्रियापदाला थेट कर्म जोडलंय. वदूद यांनी २००६मध्ये ही कसरत टाळली आणि शब्दशः अर्थाला सरळ ‘नाही’ म्हटलं. तो नकार कुरआनच्याच कोणत्या तत्त्वावर उभा राहतो, यावर वाद घाला. अवघड प्रश्न तो आहे.