मोबाइलवरचं लायसन्स चालतं हो साहेब!

आज पुन्हा तेच. सिग्नलला गाडी बाजूला घ्यायला लावली, "लायसन्स दाखवा." मी डिजिलॉकर उघडून मोबाइल समोर धरला. ढुंकूनही न बघता उत्तर, "मोबाइलमधलं चालत नाही, ओरिजिनल काढा."

अहो, चालतं! केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 139 बघा. 2018 मध्ये त्यात बदल झालाय, कागदपत्रं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवता येतात. (गॅलरीतला फोटो नव्हे, डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधलं.)

दाखवायला माझी ना नाहीच. गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की लायसन्स दाखवायचं, हे मोटार वाहन कायद्याचं कलम 130 सांगतं आणि ते मला मान्य आहे. डोकं फिरतं ते पुढच्या वाक्याने: "आम्हाला कायदा शिकवू नका." मागे हॉर्न कोकलतायत, स्क्रीनवर ऊन पडून अक्षर दिसत नाही, आणि मी भर रस्त्यात गुन्हेगारासारखा उभा!

मागच्या वेळी तर लायसन्स ठेवूनच घेत होते. त्याच कायद्याच्या कलम 206 प्रमाणे ते घेतलं तर पोच द्यावी लागते. मी पोच मागितली, तेव्हा कुठे लायसन्स परत हातात आलं. दर वेळी एवढं भांडायचं का आम्ही?