साहेबांच्या वडिलांसाठी काही सूचना

अभिनंदन! तुमच्या चिरंजीवांचं नाव सैनिक शाळेच्या यादीत लागलं. प्रवेश सहावीचा आहे आणि पोराचं वय अकरा आहे, पण असल्या तपशिलात अडकू नका. आजपासून तुम्ही फौजी अधिकाऱ्याचे वडील. अशा वडिलांनी कसं वागावं याचं प्रात्यक्षिक आमच्या भावकीतल्या एका गृहस्थांनी गेल्या रविवारी भर चौकात मंडप घालून दाखवलं. मी पहिल्या रांगेत होतो. म्हणजे बसवलं होतं. तिथे जे शिकलो ते तुमच्या हवाली करतो.

सगळ्यात आधी फ्लेक्स. निकाल लागला की पहिल्यांदा फ्लेक्सवाला, मग ग्रामदैवत, मग पोरगा. पोराचा फोटो लहान, तुमचा मोठा, आणि तालुक्याच्या नेत्याचा त्याहून मोठा. मागे रणगाडा, वर विमान आणि खाली पाणबुडी टाका, तिन्ही दलांपैकी कुणी रुसायला नको. 'भावी अधिकारी' एवढ्यावर भागवू नका. आमच्याकडे थेट 'भावी जनरल' होतं. मध्ये सात वर्षं शाळा, मग तीन वर्षं खडकवासल्याची एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, मग वर्षभर डेहराडूनची लष्करी अकादमी, मग सगळी हयात नोकरी, एवढं काही फ्लेक्सवर मावत नाही. फ्लेक्स एसटी स्टँडसमोर लावा. बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला दिसला पाहिजे.

मुलाला विचारू नका. या वयात मत नसतं, मार्क असतात.

मार्क मात्र तुम्हाला तोंडपाठ हवेत. प्रवेश परीक्षा ३०० गुणांची, त्यातले १५० निव्वळ गणिताचे, हे तेराव्याला भेटलेल्या माणसालाही सांगा. गणित घेतलं कुणी, हे सांगायची गरज नाही. आमच्याकडे ते थोरल्या बहिणीनं घेतलं. आठवीत आहे पोरगी. वर्षभर रोज पहाटे पाचला त्याला उठवून बसवायची. सत्काराच्या दिवशी ती पेढे वाटत होती. सैनिक शाळांनी २०२१-२२ पासून मुलींनाही दार उघडलंय, नववीसाठीही परीक्षा असते, आणि मे २०२५ मध्ये एनडीएतून १७ मुली पहिल्यांदा पासआउट झाल्या, हे तिच्या वडिलांच्या कानावर गेलं असेलच. पेढे चांगले होते.

केस शाळा कापतेच, तरी आधी कापून घ्या आणि व्हिडिओ स्टेटसला ठेवा.

ज्याच्या पोराचं नाव यादीत नाही त्याच्या घरी पेढा स्वतः घेऊन जा, आणि "अगदी थोडक्यात हुकलं हो" असं त्याच्या आईसमोर, पोराच्या देखत म्हणा.

आता मुख्य मुद्दा. शाळेत प्रवेश मिळाला म्हणजे खांद्यावर स्टार लागले, यावर तुमची श्रद्धा पक्की हवी. १९६१ साली साताऱ्याला देशातली पहिली सैनिक शाळा निघाली तेव्हापासून या शाळांचा हेतू एकच आहे, एनडीएसाठी पोरं तयार करायची. तयार करायची. नेमायची नव्हे. बारावीत तुमच्या कॅडेटला तीच यूपीएससीची परीक्षा द्यावी लागते, जी गल्लीतल्या कुठल्याही पोराला द्यावी लागते. लेखी ९०० गुण, त्यानंतर एसएसबी, म्हणजे फौजेच्या निवड मंडळाची मुलाखत, ९०० गुण आणि पाच दिवस. त्यातही पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि कितीतरी पोरं त्याच संध्याकाळी बॅग उचलून स्टेशनवर असतात. तिथे एक गंमत असते. पडद्यावर एकेक शब्द येतो, असे ६० शब्द, आणि प्रत्येकाला १५ सेकंद. शब्द बघून मनात येईल ते वाक्य लिहायचं. त्यात कधी 'वडील' हा शब्द आला तर तुमचा पोरगा काय लिहील, याचा विचार आज नको. मग मेडिकल. डोळे, कान, गुडघे, रंग ओळखण्याची नजर. पोरगा सगळ्यात पहिला आला आणि लाल-हिरव्यात गोंधळला, तर घरी येतो. यात त्याची चूक काय? काही नाही. पण फ्लेक्सवर ते लिहिलेलं नसतं.

सत्काराला माजी सैनिक बोलवायला विसरू नका. फोटोला भारदस्तपणा येतो. आम्हाला आठ जणांना बोलावलं. फौजी बेरेट टोपी घालून या, मेडल लावून या, असा निरोप होता. कडक उन्हात आम्ही आठ म्हातारे कोट घालून बसलो. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनीला आलो. माझ्या शेजारचे शिपाई भरती झाले आणि नायक म्हणून घरी आले, उजवा पाय लंगडतो. कशानं, ते त्यांनी आजवर कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मग या गृहस्थांनी माईक घेतला आणि आमच्या डोक्यावरून मागच्या खुर्च्यांकडे बघत म्हणाले, "माझा पोरगा साधा शिपाई व्हायला नाही चाललेला. ऑफिसर व्हायला चाललाय!"

टाळ्या पडल्या. नायकसाहेबांनी पण वाजवल्या. सवय असते.

तेव्हा हीही सूचना घ्या, पहिल्या रांगेतल्या माणसांचा अपमान मागच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं करा. साधा शिपाई! नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव साधे शिपाईच होते. १९४५ च्या एप्रिलमध्ये इटलीत सेनिओ नदीवर त्यांची कंपनी गोळ्यांनी भाजून निघाली. ते एकटे दोन जखमींना, एकेक करून, नदीतून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे घेऊन आले. मग परत गेले आणि एकेक मशीनगन बंद पाडली. हाताला जखम झाल्यावर टॉमी गन चालवता येईना, तर ग्रेनेड फेकले. शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा दिली आणि बाकीच्या कंपन्यांना पलीकडे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस, इंग्रजांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, मिळालं या साध्या शिपायाला. त्याच्या आदल्या वर्षी इटलीतच आमच्याच रेजिमेंटचे यशवंत घाडगे लढताना गेले. नायक होते, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. आणि शिपायाचा अधिकारी होत नाही असं कुणी सांगितलं? डेहराडूनला आर्मी कॅडेट कॉलेज आहे, ते फौजेत आधीच असलेल्या जवानांसाठीच. तुमचा मुलगा खरोखर अधिकारी झालाच, तर त्याला पहिल्या दिवसापासून कोण सांभाळून घेणार आहे माहितीय का? त्याचा सुभेदार, त्याचा हवालदार. रात्री कुठल्या पोस्टवर कुणाला उभं करायचं, कुठला पोरगा घरची चिठ्ठी आल्यापासून जेवत नाही, हे सगळं बावीस वर्षांच्या साहेबाला चाळिशीतला साधा माणूस सांगतो, तेही 'साहब' म्हणून. हे ज्याला कळत नाही तो साहेब जवानांना नकोसा होतो. आणि तुम्ही, हो, ते माईकवाले गृहस्थ तुम्हीच, त्याला अकराव्या वर्षी, स्टेजवर उभं करून, हेच शिकवलंत.

बरं, भाषणं चालू असताना तुमचा जनरल कुठे होता, तर खाली येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. गळ्यात तीन हार, ते टोचत होते म्हणून काढून मांडीवर घेतलेले. मला म्हणाला, "काका, तिथं रात्री लाइट बंद करतात का?"

करतात म्हटलं.

"सगळ्या?"

बराकीत मी असली पोरं पाहिलीत. अठरा वर्षांची, मिसरूड फुटलेली, दिवसभर रगड्यात न रडणारी आणि लाइट गेल्यावर उशीत तोंड खुपसणारी. हा अकरा वर्षांचा आहे. मी त्याला म्हटलं, पहिले काही दिवस जड जाईल, मग शेजारच्या कॉटवरचा दोस्त होतो. त्यानं मान हलवली आणि हळूच विचारलं, "आणि नाहीच जमलं तर?"

मी उत्तर दिलं नाही, कारण तेवढ्यात तुम्ही त्याला फोटोला हाक मारली.

आता ऐक. वयानं मोठा आहे म्हणून एकेरीवर येतो. अरे शहाण्या, नाहीच जमलं तर त्यानं परत यायचं कुठून? एसटीनं आला तर स्टँडवर तूच टांगलेला आहेस, रणगाड्यासकट. अख्खा गाव 'काय जनरल, सुट्टी का?' म्हणून विचारणार. पोरानं एक परीक्षा पास केली, चांगली केली, त्याची पाठ थोपटायची सोडून तू त्याचा माघारीचा रस्ता बंद करून ठेवलास. शाळा वाईट नाही. पहाटे उठवतील, पळवतील, पोहायला शिकवतील, आपलं ताट आपल्याला धुवायला लावतील. पोरगं घडेलही. पण ते त्याचं त्याला घडू दे ना. तुला स्टार हवे होते तर तू का नाही भरतीला आलास? तुझ्या वेळेला मैदान होतंच की. पहाटे चारला मी स्वतः सायकल घेऊन तुझ्या दारात उभा होतो, आणि तू आजारी होतास.

तो फ्लेक्स उद्या उतरव. नायकसाहेबांच्या घरी जा, माफी बिफी मागू नकोस, नुसता जाऊन बस, चहा पी. पोरीच्या नववीच्या परीक्षेचा फॉर्म निघतो केव्हा ते बघ. आणि सत्काराला वहिनी का दिसल्या नाहीत, हे तुझ्या लक्षात तरी आलं का? त्या आत बसून पोराच्या प्रत्येक कपड्यावर त्याचा नंबर शिवत होत्या. बनियन, टॉवेल, रुमाल, सगळ्यावर. मी निघताना पाणी प्यायला आत गेलो तेव्हा मोज्यांचे सहा जोड राहिले होते, आणि त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. चष्मा स्टेजवर होता, तुझ्या खिशात. भाषण वाचायला घेऊन गेला होतास.