पिनवाला स्क्रू अन् पत्र्याची पेटी

परवा रात्री आमच्या बोअरचा स्टार्टर चोरीला गेला. गेला तर गेला, पण त्याच्या पेटीचे चारही स्क्रू चोरानं कठड्यावर ओळीनं मांडून ठेवलेत, ह्याचा मला अजून राग यायलाय. टॉर्क्स होते हो, सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचे, मधात पिन असलेले, "सर, हे चोराच्या बापाला निघत नाहीत" म्हणून दुकानदारानं महागात गळ्यात मारलेले. आता परभणीच्या ह्या उन्हात बोअर बंद म्हणजे टँकर, म्हणून तडक दुकानात गेलो भांडायला.

तिथं रंगाच्या उलट्या डब्यावर एक मामा बशीतून चहा पीत बसलेले. गिऱ्हाईक नव्हते.

"कोणता स्क्रू होता?"

"टॉर्क्स, पिनवाला."

"मंग निघणारच की. पोकळ बिट येती त्याची, ड्रायव्हरचं टोक. नसली तर बारीक छिन्नीनं पिन उडवायची, मंग साधी बिट चालती."

"बरं, वन-वे बसवला तर? पिळता येतो, उलटा फिरवला की ड्रायव्हर घसरतो तो."

"व्हाइस ग्रिप पकडीनं डोकं धरायचं. नाहीतर हॅक्सॉनं खाच पाडायची."

मी शेवटचं अस्त्र काढलं, शिअर बोल्ट. घट्ट बसला की वरचं डोकंच तुटून पडतं, पान्ना लावायला काही उरतच नाही. मामा गप्प झाले. मला लै बरं वाटलं.

"पेटी कशाची हाय?"

"पत्र्याची."

"मंग बोल्टाला कामून हात लावायचा? पत्र्याचा कान वाकवायचा!"

"मामा, तुम्ही काम काय करता?"

"रिटायर हाय."

"कशातून?"

मामांनी बशी फुर्रकन ओढली.

तसं मोठमोठ्यांचंबी हेच. टॉर्क्स १९६७ चा, अमेरिकेतला. पुढं त्यात पिन घातली तर पोकळ बिट निघाली. ॲपलनं २००९ मध्ये लॅपटॉपच्या बॅटरीला पाच पाकळ्यांचा स्क्रू लावला, त्याचाबी ड्रायव्हर आता ऑनलाइन कुणालाही मिळतो. फक्त आमच्या वायरमनला मिळत नाही. मागं स्टार्टरमधला कपॅसिटर उडाला तेव्हा "सर, ह्याची बिट माझ्याकडं नाही" म्हणून तो गाडीला किक मारून निघून गेला, अन् आम्ही तेव्हाबी टँकरच मागवला.

दुकानदाराला म्हणलं, बिट तरी द्या. त्यानं काउंटरवरचा डबा पुढं सरकवला, पोकळ बिटांचा अख्खा सेट, स्क्रूच्या पाकिटांना अगदी खेटून ठेवलेला. कुणीबी या, घेऊन जा, कोण कशाला नेतंय कुणी विचारत नाही. मी मात्र पक्कं बिल मागितलं तर म्हणे जीएसटी वेगळा पडंल.