२३ डुप्लिकेट

आज सकाळी आमच्या हॅम मंडळींच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, ग्रुपवर एका तरुण मित्राने स्क्रीनशॉट टाकला, आणि तेव्हापासून माझे कामात लक्ष नाही. माझ्या काकांच्या जुन्या लॉगची, म्हणजे रेडिओवर कोणाशी कधी बोलले त्याच्या नोंदींची, सहा रजिस्टरे त्याने चार महिने खपून संगणकावर उतरवली, त्यांची एडीआयएफ (अशा लॉगसाठी ठरलेल्या नमुन्याची) फाईल केली आणि ती लॉगचे विश्लेषण करणाऱ्या एका ऑनलाइन साधनात घातली. आलेल्या अहवालातली एक ओळ त्याने लाल चौकटीत दाखवली होती : ३० सप्टेंबर १९९३, ४० मीटर (हा रेडिओलहरींचा एक पट्टा, म्हणजे बँड), डुप्लिकेट २३. खाली लिहिले होते, "काका त्या दिवशी एकाच स्टेशनच्या मागे लागले होते," आणि पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले दोन चेहरे. त्याच्या पुढचे वाक्य मला अधिक लागले. "सगळे डुप्लिकेट काढून फाईल क्लीन केली आहे."

क्लीन केली म्हणे.

सोलापुरात राहणाऱ्या माणसाला ३० सप्टेंबर १९९३ म्हणजे काय हे सांगावे लागेल, असे मला कधी वाटले नव्हते. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते, माणसे दमून झोपली होती, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. साखर पेठेतल्या आमच्या गल्लीत सगळे घराबाहेर येऊन उभे होते, लहान मुले रडत होती, पुन्हा आत जायला कोणी तयार नव्हते, आणि काका मात्र आत जाऊन बसले. लाईट गेली होती. त्यांनी मोटारीची बॅटरी ओढून टेबलाखाली घेतली, घरी बांधलेला सेट तिला जोडला आणि कंदील रजिस्टराशेजारी ठेवला. काकू दारातून ओरडत होत्या की भिंत पडेल, बाहेर या. काकांनी हेडफोन काढला नाही. मी काकूंचा हात सोडवून आत गेलो आणि त्यांच्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसलो. त्यानंतर दिवसभर मी तिथेच होतो.

आता त्या २३ नोंदींविषयी. हॅमच्या स्पर्धेत एकाच बँडवर एकाच स्टेशनशी दुसऱ्यांदा बोलले, तर त्याचे गुण मिळत नाहीत, आणि ती नोंद डुप्लिकेट धरली जाते. स्पर्धेच्या लॉगसाठी हा नियम योग्य आहे, हे मान्य. परंतु काका त्या दिवशी स्पर्धा खेळत नव्हते. दुपारपासून जखमींना सोलापुरात आणू लागले होते, आणि काकांचे एक मित्र रुग्णालयातून नावांची यादी सायकलवरून घेऊन येत होते. वहीच्या फाडलेल्या पानांवर पेन्सिलीने लिहिलेली नावे, गावे आणि कोणाला कळवायचे ते. मी ती वाचून दाखवत असे, काका पुण्याच्या स्टेशनला सांगत, तो पलीकडचा माणूस फोन करी किंवा स्वतः जाऊन निरोप देई, आणि परत येऊन सांगे. प्रत्येक निरोपाची वेगळी नोंद, वेगळ्या वेळेसह. कॉलसाईन, म्हणजे स्टेशनचे सांकेतिक नाव, अर्थातच तेच.

हे सगळे रजिस्टरात लिहिलेले आहे. शेवटचा रकाना शेऱ्याचा आहे, आणि काकांनी तो कधी रिकामा सोडला नाही. "सास्तूरची बाई, भावास पिंपरीस कळवणे." "पत्ता अपुरा, पुन्हा विचारतात." "घरी कुलूप, शेजारी सांगितले." आणि काम झाले की एकच शब्द : "पोच." तो रकाना आपल्या मित्राने उतरवलाच नाही. मी विचारले तेव्हा त्याने सरळ सांगितले, "दादा, तो रकाना टूल वापरत नाही, शिवाय अक्षर लागत नव्हते." एडीआयएफमध्ये शेऱ्यासाठी स्वतंत्र जागा आहे, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. साधनाला जे मोजता येत नाही ते लिहिलेच नाही, मग साधनाने जे राहिले ते मोजले, आणि आपण काकांना हसलो.

हे एवढ्यावर थांबले असते तरी मी गप्प बसलो असतो. पण लगेच दुसऱ्या एका सदस्याने, जे स्वतः परीक्षा देऊन परवाना मिळवलेले आहेत, शोध लावला की काकांनी तारीखही चुकवली आहे, कारण भूकंपाच्या पहिल्या नोंदी २९ सप्टेंबरच्या दिसतात. अहो, लॉग यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, लिहितात. सोलापुरात पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे झाले, तेव्हा यूटीसीप्रमाणे २९ तारखेचे २२ वाजून २६ मिनिटे झाले होते. पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो, भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख मध्यरात्री बदलते, आणि आमच्या लॉगची तारीख पहाटे साडेपाचला बदलते. घराची भिंत पडेल की काय या भीतीत, कंदिलाच्या उजेडात बसलेल्या माणसाने ही तारीख बरोबर लिहिली आणि साडेपाचला रेघ मारून नवी घातली. ती रेघ रजिस्टरात आहे, पट्टी लावून मारलेली आहे.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर माझे जुने मित्र खाली येऊन लिहितीलच. हीच चूक मी स्वतः तीन वर्षे केली होती. मध्यरात्रीनंतरच्या संपर्कांना वेळ यूटीसीची आणि तारीख आपली, असे मी लिहीत होतो. लॉगबुक ऑफ द वर्ल्ड या, दोघांचे लॉग ताडून संपर्क जुळवणाऱ्या ऑनलाइन सेवेवर दोन्ही बाजूंच्या नोंदींत ३० मिनिटांपेक्षा अधिक फरक असला तर संपर्क जुळत नाही, आणि माझा फरक पूर्ण २४ तासांचा होता. मी मात्र समोरच्या लोकांना नावे ठेवत होतो की हे आळशी आहेत, लॉग चढवत नाहीत. शेवटी एका ऑनलाइन साधनाने तासांप्रमाणे तक्ता काढून दिला, आणि त्यात यूटीसी साडेअठरापासून मध्यरात्रीपर्यंत जुळलेला एकही संपर्क नव्हता. दोन मिनिटांत डोक्यात प्रकाश पडला. मी साधनांचा शत्रू नाही. काकांच्या लॉगमध्ये १९८९ सालचा पूर्व जर्मनीचा एक संपर्क आहे, तो क्लब लॉग या ऑनलाइन साधनाने तारीख पाहून बरोबर त्या देशाच्या नावावर धरला, आताच्या जर्मनीत मिसळला नाही, तेव्हा मला मनापासून बरे वाटले होते.

आणखी एक सांगतो, आणि हे सांगताना माझा राग थोडा उतरला आहे, ते खरे आहे. त्याच मित्राने पाठवलेल्या दुसऱ्या चित्रात त्या दिवसाचे संपर्क तासागणिक नकाशावर मांडलेले होते. पहाटे पुणे नाही, मुंबई नाही, जवळचे कोणीच नाही. पहिली रेघ गेली आहे ती थेट कोलकात्याला. ४० मीटरवर पहाटेच्या वेळी असे होते. लहरी परतवणारा वातावरणाचा वरचा थर इतका विरळ झालेला असतो की सरळ वर गेलेली लहर परत येत नाही. तिरकी गेलेली मात्र शेकडो किलोमीटर पलीकडे उतरते. २५० किलोमीटरवरचे पुणे ऐकू येत नाही आणि कोलकाता शेजारच्या खोलीतल्यासारखे वाजते. सूर्य वर आला, आणि पुण्याची पहिली नोंद पडली ती सकाळी ६ वाजून ५० मिनिटांनी. मी त्या स्टुलाशेजारी बसलेला होतो, तरी इतकी वर्षे माझी समजूत अशी होती की काका आधी दूरचे स्टेशन धरत होते ते सवयीने. त्यांना दुसरे कोणी ऐकूच येत नव्हते. हे मला त्या नकाशाने सांगितले, रजिस्टराने नाही. माझ्यासमोर ते तीस वर्षे पडून होते.

पण तोच नकाशा २ ऑक्टोबरलाही सगळ्या रेघा सोलापुरातून काढतो, कारण फाईलमध्ये सरसकट एमके७७ हा चौकोन (हॅम लोक नकाशावर ठिकाण सांगायला वापरतात तो) घातलेला आहे. काका त्या दिवशी परवानगी घेऊन उमरग्याला गेले होते, आणि उमरगा एमके८७ मध्ये येते. हे कुठे लिहिलेले आहे? शेऱ्यात. "उमरगा, बॅटरीवर."

दुपारी जेवण झाल्यावर मी ट्रंक उघडली. रजिस्टर काकूंनी जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून दिले होते, कडेची पाने कसरीने खाल्ली आहेत, पण ३० तारखेचे पान शाबूत आहे. त्या २३ नोंदींपैकी शेवटच्या सात एकाच निरोपाच्या आहेत, त्या सास्तूरच्या बाईच्या. संध्याकाळी भावाच्या घराला कुलूप, मग शेजारी, मग तो कामावर गेल्याचे कळले, मग कारखान्याचे नाव चुकीचे. त्यानंतर रात्र झाली आणि पुणे पुन्हा ऐकू येईना. शेवटची नोंद १७ वाजून ५२ मिनिटांची, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ११ वाजून २२ मिनिटे, आणि ती पुण्याची नाहीच, कोलकात्याची आहे. त्या माणसाने पुण्याचे ऐकून आम्हाला सांगितले होते. मला तेव्हा झोप लागली होती. काकांनी मला हलवून उठवले होते, एवढे आठवते. काय म्हणाले ते आठवत नाही. साधनाच्या दृष्टीने ही नोंदही डुप्लिकेट आहे, कारण कोलकात्याशी पहाटे बोलून झाले होते.

हे सगळे सकाळी ग्रुपवर मी जरा चढ्या शब्दांत लिहिले. त्या मुलाचा जन्म किल्लारीनंतर दहा वर्षांनी झालेला आहे, आणि सहा रजिस्टरे टंकायला आपल्यापैकी कोणी पुढे आले नव्हते, मीसुद्धा नाही, हे मला लिहून झाल्यावर सुचले. मूळ फाईल त्याने जपून ठेवलेली आहे, हेही त्याने नंतर सांगितले. त्याचे हसणारे चेहरे मात्र त्याने अजून काढलेले नाहीत, आणि ते त्याने काढावेत, असे माझे म्हणणे कायम आहे.

संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन घरी आला. आता समोर बसून शेऱ्याचा रकाना उतरवतो आहे, मी वाचून दाखवतो आहे. मघाशी त्याने एका ओळीवर बोट ठेवून विचारले, "दादा, हे पोट आहे का?" मी म्हटले, पोच. खाली सगळीकडे तेच येईल.